अकिक्याचं कातडं

“त्या कातड्यावर कुणी टिपरू हाणलं तर ते तुझ्या लेकराला लागंल, दुल्हन. ध्यानात ठेव,” असं सायराबी फुफी म्हणाली होती, आणि रजिया हसली होती.

अगदी तोंडावर नव्हे. नवऱ्याच्या आत्याच्या तोंडावर हसायची त्या घरात कुणाचीच टाप नव्हती. पदर ओठांशी धरून, तिरक्या नजरेनं नवऱ्याकडं, हनीफकडं, बघून हसली. लेक बिलकीसच्या अकिक्याचा, तिच्या नावानं बकरी द्यायचा, दिवस होता तो. अंगणातली पंगत उठली होती. बाळाचं जावळ सकाळीच उतरवलं होतं आणि तिचं कोवळं डोकं सोललेल्या बदामासारखं दिसत होतं. फुफी मोरीपाशी उकिडवी बसून ताटांमधली हाडं फडक्यात गोळा करत होती, एकेक बोटांनी चाचपून. नळदुर्गच्या या घरात अकिक्याच्या बकरीचं हाड मोडत नसत. सुरी सांध्यातून फिरवून सोडवायचं, आणि जेवणं झाली की हाडं, खुरं, कातडं, सगळं मागच्या लिंबाखाली पुरायचं. लेकराच्या नावानं दिलेलं जनावर. त्याचं काही उघड्यावर राहता कामा नये.

कातडं तेवढं हनीफनं मागून घेतलं होतं.

“दुवा ऐकलीस न्हवं?” फुफी म्हणाली. “सुरी फिरवताना चाँदपाशानं काय म्हटलं? खून के बदले खून, हड्डी के बदले हड्डी, चमडी के बदले चमडी. ही बकरी आता बकरी न्हाय ऱ्हायली. तिची चमडी ती हिची चमडी.”

“फुफी, ती दुवा आहे. सौदा नाही.”

औरंगाबादच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली मुलगी. तिला वाटलं, आपण फार छान उत्तर दिलं.

फुफीनं हाडांच्या फडक्याला गाठ मारली. “बरं,” एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. फुफी ज्या गोष्टीवर भांडायची, ती सहसा खरी नसायची.

हनीफ रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होता. सोलापूर–हैदराबाद रस्त्याचा नळदुर्गकडचा तुकडा त्याच्याकडं. दिवसभर खडी आणि डांबर. संध्याकाळ मात्र मोडक्या वस्तूंची. आधी बंद पडलेली घड्याळं झाली, मग एक फोनो, आणि मग तो बाजा. हमरस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडं पोत्यात गुंडाळून पडला होता. सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या साहेबांचा कुठलासा क्लब होता म्हणे, तिथल्या नाचाच्या बँडचा. साहेब गेले, मागून निजामाचं राज्यही गेलं, आणि बाजा हळूहळू ट्रकांच्या टपावरून पश्चिमेकडं सरकत नळदुर्गला येऊन टेकला. पायानं वाजवायचा मोठा ढोल, एक पितळी झांज, आणि तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचा साइडड्रम, ज्याच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात. वरून हाणलं की खालच्या तारा थरथरून ‘खर्र’ करतात.

तीन पावसाळे हनीफ त्यावर खपला. गंज रॉकेलनं सोडवला. झांज चिंचेनं घासून अशी केली की धाकटा भाऊ जलील तिच्यात बघून भांग पाडायचा. कातडी ताणणारे पेच चौकोनी डोक्याचे, तसला पान्हा सगळ्या जिल्ह्यात मिळेना. तेव्हा ट्रकच्या कुठल्याशा तुकड्याला कानस लावून त्यानं स्वतःच घडवला, आणि तो घराच्या किल्ल्यांबरोबर खिशात बाळगायचा. मोठ्या ढोलाला सोलापूरहून वासराचं कातडं आणलं. साइडड्रमला मात्र पातळ, डाग नसलेलं, कोवळ्या बकरीचं हवं होतं.

अकिक्याचं तसं होतं. चुन्यात भिजवून, केस खरवडून त्यानं ते कड्यावर ओढलं. एका कडेला विड्याच्या पानाएवढी तपकिरी झाक राहिली, ती काही केल्या गेली नाही. बाकी सगळं दुधासारखं.

ज्या संध्याकाळी पहिलं टिपरू पडलं, तेव्हा रजिया आत बिलकीसला पाजत होती. पोरीनं एकदम तोंड सोडलं आणि अंग आखडून घेतलं. आवाजाला दचकली. कुठलंही लेकरू दचकतं.

मग पावसाळा आला. कातडं ओल्या पापडासारखं ढिलं पडलं, आणि बिलकीसचं पोट असं बिघडलं की तिची मान खांद्यावर ठरेना. एका सांजेला हनीफनं सहज बसल्या बसल्या पेच आवळले, आणि सकाळी पोरगी उशीला टेकून बसली, खुळखुळा मागायला लागली. रजियानं परीक्षेत लिहावं तसं स्वतःला समजावलं : हवेतल्या ओलाव्यानं कातडी सैल होते, आणि पावसाळ्याच्या पाण्यानं लेकरांची पोटं बिघडतात. दोन्हींचं कारण एकच, पाऊस. मग हिवाळ्यात चाँदपाशा चाचांच्या विडीची ठिणगी कातड्यावर पडली. आत पाळण्यात बिलकीस किंचाळली. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना तिच्या डाव्या खांद्याखाली मसुरीच्या डाळीएवढा लाल फोड दिसला. काहीतरी चावलं असेल. पाळण्यात ढेकूण होतेच.

कारणं सगळ्याला होती. कारणं इतकी एकामागं एक येऊन उभी राहिली की रजियाला त्या कारणांचंच भय वाटायला लागलं.

आणि मग ते टाळूचं झालं. बिलकीस भिंत धरून चालायला लागली तरी तिची टाळू पुरती भरली नव्हती. रजिया रोज तिथं तेल जिरवायची. बोटांच्या टोकांखाली ती मऊ जागा धक् धक् उडायची, आत कुणी बारकं माणूस दार वाजवतंय तशी. एका दुपारी तेलाचे हात तसेच घेऊन ती ओसरीत गेली, साइडड्रमवरची धूळ पुसायला म्हणून हात ठेवला, आणि बोटांच्या त्याच टोकांना तेच लागलं. धक् धक्.

रस्त्यावरून ट्रक चालला असेल, ती मनाशी म्हणाली, आणि ट्रकचा आवाज येण्याची वाट बघत उभी राहिली. खूप वेळ राहिली. ट्रक आला नाही.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? ती फक्त झोपलेल्या बिलकीसच्या नाकाशी बोट धरून बघायला लागली. एकदा, दोनदा, मग उठता बसता. सासू शरिफाबी म्हणायच्या, “आमी सात पोरं काढली, असा पहारा कुनावर न्हाय दिला. कॉलेजात हेच शिकवत्यात का गं?” सातातली जगली दोन, हनीफ आणि जलील, हे त्या म्हणत नसत.

*

जलीलचं लग्न उमरग्याच्या मुलीशी ठरलं होतं. बारात निघायच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी फुगलं. ओसरीत बाजा मांडलेला, भोवती चटया, आणि जलील नव्या कुर्त्यात हळदीच्या अंगानं मिरवत होता.

“भाईजान, उमरग्याच्या वेशीत शिरताना वाजला पायजे. त्यांचा बी बँड हाय म्हणं. पर त्यो नुसता पीपी-पीपी. असला बाजा त्यांच्या आज्यानं बघितला न्हाय.”

“निकाहला दुवा पुरते, पोरा,” चाँदपाशा चाचा भिंतीला टेकून म्हणाले. हनीफच्या वडलांमागं घरातलं वडीलपण त्यांच्याकडं आलेलं, आणि मशिदीत इमामाच्या पाठची जागाही. “बाजा लागतो सर्कशीला.”

“सर्कशीला वाघ बी लागतो, चाचा. म्हणून तर तुमाला पुढं बसवणार हाव.”

ओसरी हसली. शेजारच्या कडूबाई शेवया वळायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “वाघाला दात कुठं ऱ्हायल्यात बाबा आता!” चाचाही हसले, आणि दात खरंच नव्हते.

“वाजवा की भाईजान! पोरांनी ऐकलं न्हाय अजून.”

हनीफनं स्टूल ओढलं. टिपऱ्या बोटांत फिरवल्या. हा माणूस एरवी बोलायला कंजूष. पण त्या बाजामागं बसला की त्याचे खांदे उतरायचे, चेहरा पोरगेला व्हायचा. रजियाचा जीव त्याच चेहऱ्यावर जडला होता, म्हणून तर ती इतके दिवस गप्प राहिली. ती आतल्या दाराच्या चौकटीत बिलकीसला कडेवर घेऊन उभी होती. बिलकीसची पाठ ओसरीकडं. तिचं तोंड आईच्या खांद्यात, बोटं आईच्या गळसरीत.

हनीफनं टिपरू वर उचललं.

बिलकीसनं डोळे घट्ट मिटले.

टिपरू पडायच्या आधी. रजियानं नीट बघितलं. बघणं हेच तर तिचं काम झालं होतं. पोरीला मागचं दिसत नव्हतं. आवाज अजून झाला नव्हता. तरी तिनं, मार बसणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखे डोळे मिटले, आणि मग टिपरू पडलं. खर्र. मग दुसरं, तिसरं, मग झडच लागली. पोरं नाचायला उठली. बिलकीस लाकडासारखी ताठ झाली. रडली नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही.

“थांबा!” रजिया ओरडली. सासरच्या ओसरीत पुरुषांसमोर ती पहिल्यांदाच ओरडली. “थांबवा ते!”

तारा थोडा वेळ आपल्याआपण थरथरत राहिल्या. मग बिलकीसनं श्वास घेतला, असा लांब, आणि रडायला लागली.

कुणी काही बोलायच्या आत सायराबी फुफी स्वयंपाकघरातून आली. हातात सुरी. “बघितलं आईनं. म्या दीड वरीस तोंड शिवून बसले, का तर शिकलेल्या मानसाला सांगून पटत न्हाय, बघूनच पटतं. सर हनीफ. फाडते आन् पुरते लिंबाखाली. तवाच पुरायचं हुतं.”

“फुफी!” जलील आडवा आला. “उद्या बारात हाय! समद्या उमरग्याला सांगून बसलोय मी!”

“तुझ्या बारातीला माझ्या पोराची पोरगी वाजवायची काय रे?”

हे फुफी म्हणाली नाही. शरिफाबी म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. नणंद-भावजयीचं या घरात मिठावरूनही एकमत नसायचं. घरवाटणीच्या वेळेपासून दोघींच्या चुली एका भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. शरिफाबींनी नणंदेचा हात धरला, सुरीसकट. “आपा, आजवर म्या तुमाला येडी म्हनले. पोरीचं त्वांड बघितलं आता. फाडा तुमी.”

“अम्मा, तू पण?” हनीफ उठला. “अगं, कातडं आहे ते. मेलेल्या बकरीचं. मी माझ्या हातानं खरवडलंय.”

“म्हनूनच म्हनते, फाडा.”

फुफीनं सुरीचं टोक कातड्यावर आणलं. त्या तपकिरी झाकेवर.

“नाही!” रजिया मध्ये घुसली. बिलकीसला तिनं कडेवरून छातीशी आवळलं होतं. “सुरी लावायची नाही.”

“अगं दुल्हन, म्या तुज्याच बाजूनं—”

“चमडीच्या बदल्यात चमडी. तुम्हीच म्हणालात ना फुफी?” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “टिपरू लागतं तर सुरी लागणार नाही?”

बाहेरून एक ट्रक गेला आणि साइडड्रमच्या पोटाखालच्या तारा हलकेच कुजबुजल्या. सायराबी सुरीकडं बघत राहिली, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी तिच्या हातात दिली होती. मग तिनं सुरी पदराखाली घेतली.

“काय हे लावलंय तुम्ही बायांनी?” चाँदपाशा चाचा चिडून म्हणाले. “दुवा म्हणजे जादूटोना हाय व्हय? लेकरू आपण अल्लाच्या हवाली केलं, बकरीच्या न्हाय. असलं बोलणं बी गुनाह हाय.”

“मग चाचा, तुम्ही मारा,” रजिया म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच हवं होतं की त्यांनी मारावं, आणि काही होऊ नये. “एकच टिपरू. तुमच्या हातानं.”

चाचांनी टिपरू घेतलं. उचललं. त्यांची नजर बिलकीसकडं गेली, आणि बिलकीसनं पुन्हा डोळे मिटले होते.

चाचांनी टिपरू खाली ठेवलं. “आपल्याला सवय न्हाय त्याची,” म्हणाले, आणि नमाजाआधीच्या वजूला पाणी मागून मागीलदारी गेले.

शेवटी तोडगा हनीफनंच काढला. हाणायचं नाही, फाडायचंही नाही. पेच सगळे सोडवायचे, पाण्यानं मऊ करून कातडं कड्यावरून अख्खं उतरवायचं, आणि लिंबाखाली पुरायचं. मोठा ढोल आणि झांज जलीलच्या बारातीला. जलील फुगून बसला. पण शरिफाबी ‘बरोबर’ म्हणाल्या, फुफीनं मान हलवली, आणि रजियाही ‘हो’ म्हणाली. ती हो म्हणाली, हे विसरून चालणार नाही. तिला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

*

सकाळी हनीफ पान्हा आणि रॉकेल घेऊन बसला. भिंतीकडचे पेच त्यानं सैल केले, आणि अंगणाकडचे करणार एवढ्यात ट्रक आला. उमरग्याचा रस्ता लांब, ऊन चढायच्या आत निघायला हवं, ड्रायव्हर भोंग्यावरून हात काढेना. ढोल चढवा, झांज चढवा, अत्तराची बाटली कुठंय, म्हातारीला आधी बसवा. या गलबल्यात हनीफनं हात झटकले.

बिलकीसला पहाटेपासून कणकण होती. दात येताहेत, सगळे म्हणाले. रजिया घरीच राहणार होती.

“म्या ऱ्हाते तुज्यासंगं,” शरिफाबी म्हणाल्या.

“नवरदेवाची आईच नाही म्हटल्यावर उमरग्याची माणसं काय म्हणतील, अम्मा? जा तुम्ही. कडूबाई आहेत शेजारी.”

हनीफ ओसरीत घुटमळला. “उरलेले पेच आल्यावर काढतो. तू हात लावू नको.” आणि मग, आवाज उतरवून, “रजिया, तुला खरंच वाटतं का गं ते?”

“तुम्हाला?”

तो बिलकीसच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि ठेवला नाही. त्या हाताला अजून रॉकेल होतं.

सर्वात शेवटी सायराबी फुफी. ट्रकमधल्या बाया हाका मारत असताना ती परत आत आली. रात्रभर झोपली नसावी. “दुल्हन,” ती म्हणाली, “म्या जे म्हनले हुते ते खरं का खोटं, मला बी ठावं न्हाय आता. माज्या आईनं सांगितलेलं म्या तुला सांगितलं. पर एक ऐक. आज त्या बाज्याकडं बघू नगंस. लेकराकडं बघ.”

या वेळी रजिया हसली नाही. तिनं मान डोलावली. आणि तरीही तिनं ऐकलं नाही.

म्हणजे, सकाळी ऐकलं. आतल्या खोलीत गार फरशीवर ओली चादर पसरली, बिलकीसला त्यावर निजवलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. कडूबाई डोकावून गेल्या. “लेकराला ओसरीत नगं आणूस, आंग भाजतंय बाहीर. म्या बाजाराला जाऊन आले बघ.” मग घर रिकामं झालं. वैशाखातली दुपार. किल्ल्याच्या दगडांवरून वारा यायचा तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. लिंबाचं पान हलत नव्हतं. रस्ताही गप्प.

टक्.

रजियानं मान वळवली. ओसरीतून आलं होतं. वाळलेल्या शेंगेसारखा आवाज.

टक्.

ती उठली नाही. लेकराकडं बघ. बिलकीस झोपेत कण्हत होती, ओठ सुकलेले. रजियानं बोट बुडवून ओठ ओले केले. टक्. या खेपेला बिलकीसच्या पापण्या हलल्या. रजिया फक्त दारापर्यंत गेली, आणि दारातून तिनं बघितलं, आणि मग तिला सगळं समजलं. कॉलेजात शिकल्याचा उपयोग झाला तो असा.

निम्मे पेच सैल, निम्मे आवळलेले. उन्हानं कातडं आखडत चाललेलं. सगळीकडून सारखं ओढलं गेलं असतं तर काही बिघडलं नसतं; दीड वर्ष टिकलंच होतं. आता सगळी ओढ अंगणाकडच्या एका कडेवर आली होती. ती तपकिरी झाक, विड्याचं पान, लांबट झाली होती, कुणीतरी दोन्ही हातांनी ओढल्यासारखी. ना वाजवलं, ना सुरी लावली. शहाण्या माणसांनी अर्ध्यावर सोडलेल्या कामानं ते फाटणार होतं. आणि पान्हा उमरग्याच्या वाटेवर, हनीफच्या खिशात.

तिनं पेच बोटांनी फिरवून बघितले. नखं उलटली. ओलं फडकं आणून कातड्यावर टाकलं. ते बघता बघता सुकलं. दुसरं टाकलं. मग तिनं माठातलं पाणी ओंजळीनं आणलं, आणि ती ओंजळ वाटेतच असताना ‘चर्र’ झालं. फार मोठं नाही. पदर खिळ्याला अडकावा तेवढं.

झाकेच्या कडेला नखाएवढी चीर.

रजियानं दोन्ही तळवे कातड्यावर ठेवले, ओले, चिरेच्या दोन्ही अंगांना, आणि कडा एकमेकींकडं लोटून धरल्या. चीर मिटली. तळव्यांखाली धक् धक् लागलं. भराभर, तापातल्या लेकराचं असतं तसं. हे माझंच असेल, ती स्वतःला म्हणाली, माझ्याच हातांतली नाडी असेल. असेलही. तिनं स्वतःचा श्वास धरून बघितला. तिची छाती धडधडत होती ती वेगळ्या तालात.

आत बिलकीस कण्हली.

“आले गं, आले माझी बाई,” रजिया म्हणाली, आणि तिनं बाजा तिकाटण्यासकट उचलून आत न्यायचं ठरवलं. कोपरांनी कवळला, जरा उचलला. चर्र. चीर बोटभर झाली. आतून एक बारकी किंकाळी आली आणि मध्येच तुटली.

तिनं तिकाटणं जमिनीला टेकवलं. पुन्हा हललीच नाही.

“कडूबाई! ओ कडूबाई!” भिंतीपलीकडं कोंबडी फडफडली. बाजार अजून उठला नसेल. “कुणी आहे का?”

रस्ता पांढरा, रिकामा. घामाचे थेंब तिच्या हनुवटीवरून कातड्यावर पडत होते, आणि तिला बरं वाटत होतं, तेवढीच ओल. आता कण्हणं येत नव्हतं. झोपली असेल. ताप उतरला की लेकरं अशीच निपचित झोपतात. ताप चढला की सुद्धा अशीच. आतल्या दाराच्या फटीतून चादरीचं टोक दिसत होतं आणि एक छोटा पाय, टाच वर केलेला. तो हलतोय का, हे तिला तिथून सांगता येत नव्हतं. तळव्यांखालचं धक् धक् मघापेक्षा सावकाश झालं होतं. कातडं ओलावलं म्हणून सावकाश, की—

लेकराकडं बघ, म्हातारी म्हणाली होती. बाज्याकडं बघू नगंस.

हात काढला तर चीर धावणार. हात न काढावा तर आत जायचं कसं? जिला सगळ्यावर नजर ठेवायची सवय, तिला नेमकं तेच दिसत नव्हतं. घरात कुणी नव्हतं. हे वाचणारे तुम्ही मात्र आहात. मघापासून या ओसरीत उभे आहात. खरं तर अकिक्याच्या दिवसापासून, फुफी हाडं गोळा करत होती तेव्हाही तुम्ही होतात, आणि कदाचित रजियाबरोबर थोडे हसलाही असाल. रजियानं मान वळवली नाही. पण तिला कळलं, कुणीतरी आहे.

“अहो,” ती म्हणाली, अगदी हळू, कातडं थरथरू नये म्हणून, “जे कुणी असाल ते, एवढं करा. मला हात काढता येत नाही. तुम्ही जरा आत जाऊन या. उंबरा उंच आहे, जपून. ओल्या चादरीवर माझी मुलगी आहे. तिला उठवू नका. नाकाशी बोट धरा, आणि टाळूवर हात ठेवून बघा, हलकाच, दाबू नका. आणि जे असेल ते मला इथं ऐकू येईल असं सांगा. खोटं नका सांगू. जा ना.”